लोकरीचा गोंडा

माझ्या सुनेचे म्हणणे असे की आठवणी लिहायच्याच तर चांगल्या लिहाव्यात, म्हणजे नातवंडांना वाचायला बऱ्या. नातवंडे मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडतात आणि सरळ विचारतात, "दादाजी, ये क्या लिखा है?" तेव्हा ती या प्रकरणापर्यंत पोचणार नाहीत याची मला बरीचशी खात्री आहे, आणि त्या भरवशावरच मी ते लिहायला घेतले आहे. आजवर जी माणसे मला भेटली त्यांना मी आट्यापाट्यांच्या ढालीची गोष्ट पुष्कळदा सांगितली. ढाल जिंकली तिथे थांबायचो. पुढचे कधी सांगितले नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या पोटातले सगळे ओळखून होती.

आमचे घर धारला, किल्ल्याच्या उतारावर. वडील दरबारच्या दप्तरात कारकून. शेजारी छिप्यांची वस्ती होती, आणि पहाटे वडिलांच्या पूजेची घंटा आणि छिप्यांचे कापडावर ठसे मारणे एकदमच सुरू होई. अंथरुणात पडल्यापडल्या मला देव आणि छिपा दोघे मिळून काम करताहेत असे वाटायचे. आई मूळची साताऱ्याकडची. मालव्यात तिचा जन्म गेला, पण मालव्यातल्या दोनच गोष्टी तिने स्वयंपाकघरात येऊ दिल्या, एक मक्याचा कीस आणि दुसरे बाफले. त्या दिवसांत मी सकाळी उठून परेडच्या मैदानावर आट्यापाट्या खेळायला जाई आणि परत आलो की आई गरम कीस पुढे ठेवून म्हणे, "आधी हातपाय धू. कुणाकुणाला शिवून आलास देव जाणे." ती रागाने म्हणत नसे. आमच्या घरात हे वाक्य मिठासारखे होते, रोज लागायचे आणि कुणाच्या ध्यानातही यायचे नाही.

आट्यापाट्या आता कुणी खेळत नाही, म्हणून थोडे सांगतो. मैदानावर नऊ आडव्या पाट्या आखायच्या, मधून एक उभी. एका संघाने पाट्यांवर उभे राहून वाट अडवायची, दुसऱ्याने हुलकावण्या देत त्या ओलांडायच्या. पाटीवाल्याने शिवले की गडी मेला. सगळ्या पाट्या ओलांडून जो पलीकडे गेला आणि तितक्याच पुन्हा ओलांडून परत आला त्याचे लोण उतरले. आणि यात एक रीत होती. मेलेल्या गड्याने आपण होऊन हात वर करून बाहेर यायचे. पंचाला नीट दिसले नाही तर तो गड्यालाच विचारी, आणि गड्याचा शब्द शेवटचा. त्यावर कुणी वाद घालत नसे. या रीतीचा आम्हाला फार अभिमान होता.

महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टराला या खेळाचे वेड लागले आणि त्याने आसपासच्या संस्थानांतल्या संघांसाठी ढाली लावल्या. हरला तो घरी गेला, अशी स्पर्धा. गट तीन होते, आणि आम्ही मधल्या गटात. म्हणजे पोरासोरांना आम्ही सहज हरवत होतो आणि इंदूरच्या पहिलवानी संघांपुढे आमची त्रेधा उडत होती. मधली ढाल जिंकणारा संघ पुढच्या साली थोरल्या गटात जायचा. आमचा कर्णधार बापू, शिलेदारांच्या घरचा मराठा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याने या ढालीचा ध्यास घेतला होता. "भिया, एकदा थोरल्यांत जाऊ द्या, मग हरलो तरी चालेल," असे तो म्हणायचा; भिया म्हणजे आमच्याकडे भाऊ. त्या साली आम्ही तीन फेऱ्या जिंकलो आणि शेवटचा सामना देवासला ठरला.

संक्रांत नुकतीच झाली होती. धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास, बैलगाड्यांतून, घोंगड्या पांघरून, तिळाच्या वड्या खात आम्ही गेलो. देवासला माझी आत्या राहत असे. देवासचा सगळाच कारभार दुहेरी. दोन राजे, दोन कचेऱ्या, रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची आणि दुसरी धाकट्या पातीची. आत्याचे घर थोरल्या पातीत आणि तिची दळण आणणारी बाई धाकट्या पातीत, म्हणून आत्या तिला गमतीने परमुलखातली म्हणायची. आत्या बालविधवा. केस काढलेली, लाल आलवणातली, एक वेळ जेवणारी, आणि सोवळ्याच्या बाबतीत वस्तऱ्यासारखी. पण माझ्यावर तिचा जीव होता. लहानपणी मी दोन वर्षे तिच्याजवळ होतो, तिच्या कुशीत निजलो होतो. एकदा मी बाहेरून येऊन तसाच तिला बिलगलो. तिने मला रागे भरले नाही. शिजवलेले सगळे गायीला घातले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काही न खाता राहिली. त्या दिवशी मला जे वाटले ते अंगात राहून गेले.

शेवटच्या सामन्यात आमच्यासमोर महूच्या छावणीचा संघ होता. पेन्शनर महार शिपायांची मुले. डॉक्टराची अटच होती की त्याच्या छावणीतल्या मुलांना खेळू द्यायचे. त्यांना खेळू दिले, पण पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांच्यासमोर कुणी उतरलेच नाही. तिसऱ्या फेरीत एक संघ उतरला आणि सपाटून हरला. तरी लोक म्हणत, न खेळता आले आहेत. आम्हीही म्हणत होतो. आमच्या नवांत सहा ब्राह्मण आणि तीन मराठे. शिवायचा खेळ, त्यांच्याशी कसा खेळायचा? दोघांनी घरी परत जायची भाषा केली. बापू नुसता डोके धरून बसला.

वाट काढली अप्पांनी. अप्पा थोरल्या पातीच्या दप्तरातले वृद्ध गृहस्थ, मुख्य पंच, आत्याच्या शेजारचे. शास्त्र थोडे, अक्कल पुष्कळ, आणि भांडण मिटवायची हौस त्याहून जास्त. ते म्हणाले, लोकरीला विटाळ नाही हे तर सर्वमान्य आहे. पाटीवाल्याने हातात लोकरीचा गोंडा धरायचा आणि गोंड्याने शिवायचे. हाताला हात लागायला नको. दोन्ही संघांना नियम सारखा, म्हणजे कुणाचा अपमान नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याने आपली जुनी धाबळी फाडून अठरा गोंडे वळून दिले, वीतभर काठीला बांधलेले. आम्हाला ती युक्ती फार हुशारीची वाटली. आज लिहिताना कानशिले तापतात. दोन्ही संघांना नियम सारखा होता, पण तो कुणासाठी होता हे मैदानावरच्या कुत्र्यालाही कळत होते.

छावणीच्या संघाबरोबर एक म्हातारे सुभेदार आले होते, पांढऱ्या मिशा, छातीवर बिल्ले. त्यांनी गोंड्यांची टोपली पाहिली. ती त्यांच्या हातात दिली नव्हती, जमिनीवर ठेवली होती. त्यांनी एक गोंडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या मुलांना म्हणाले, "घ्या रे. खेळायला आलोय, खेळून जाऊ." मुलांनी घेतले. त्यांच्यात केरू म्हणून एक होता, सडपातळ, लांब हातांचा, माझ्याच वयाचा. त्याने गोंडा दोनदा हवेत फिरवला आणि माझ्याकडे बघून हसला, जसा एक खेळणारा दुसऱ्याकडे बघून हसतो. मी नजर फिरवली.

टेकडीच्या पायथ्याशी सामना झाला. झाडांवर, गाड्यांवर, गोठ्यांच्या छपरांवर माणसे. पंच दोन, एकेका पातीचा एकेक, पण शब्द अप्पांचा. आणि थोड्याच वेळात आम्हाला कळले की हे लोक न खेळता आले असतील, पण खेळता येते त्यांना. त्यांचे पाय पाटीवर खिळल्यासारखे आणि कमरेपासून वर वेताची काठी. आम्ही धापा टाकत होतो तेव्हा ते शांत होते. त्यांची दोन लोणे उतरली. बापूने जिवाच्या कराराने एक उतरवले, आणखी एकाने दुसरे. आमचे बाकीचे सगळे मेले. मी एकटा राहिलो, परतीच्या वाटेवर, आणि पुढे शेवटची पाटी. ती ओलांडली की तिसरे लोण, ढाल आमची. मेलो असतो तर नवा डाव मांडावा लागला असता, आणि नव्या डावात आम्ही हरणार हे आम्हालाही ठाऊक होते.

शेवटच्या पाटीवर केरू होता. मी डावीकडे हूल दिली, तो फसला नाही. उजवीकडे दिली, तो अर्धा फसला. मी घुसलो. तो वळला आणि अंग झोकून हात लांबवला, आणि त्या झटक्यात त्याच्या हातातला गोंडा निसटून खाली पडला. पुढच्या क्षणी माझ्या उघड्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, त्याची बोटे लागली. तीन बोटे. मी लोण उतरून पलीकडे गेलो तेव्हा ती तीन बोटे मला वेगवेगळी मोजता येत होती. मागे वळून पाहिले तर केरूने हात छातीशी ओढून घेतला होता, चटका बसल्यासारखा. झाडावरून कुणी मालवीत ओरडला, "लाग्यो! हाथ लाग्यो!" आणि दुसऱ्या झाडावरून, "कोनी लाग्यो!" म्हणजे नाही लागला.

अप्पा पाटीपाशी आले. खाली पडलेला गोंडा त्यांनी पाहिला. मला विचारले, "बाळ, गोंडा लागला का?"

"नाही," मी म्हणालो. हे खरे होते.

"आणि हात?"

मी वाकून पायांची धूळ झटकू लागलो. अप्पा केरूकडे वळले. केरूने सुभेदारांकडे पाहिले. मैदानाभोवती पाचशे माणसे, संस्थानी गाव, आणि हात लावायचा नाही असे सगळ्यांसमक्ष ठरलेले. नाही म्हणाला असता तर त्याला कुणी काही बोलले नसते, फक्त ढाल गेली असती. सुभेदार हळूच म्हणाले, "जे झालं ते सांग, पोरा."

"हात लागला, साहेब," केरू म्हणाला. "गोंडा पडला माझा. मुद्दाम नाही केलं. पण लागला."

लोकांत गलबला झाला. कुणी शिवी हासडली. अप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि मला म्हणाले, "रीत आहे ती आहे. हात लागला तरी गडी मेलाच, पण शब्द गड्याचा. बाळ, बोल."

मी बापूकडे पाहिले. तो ओठ घट्ट मिटून उभा होता आणि माझ्याकडे पाहतच नव्हता. त्याच्यामुळे मी खोटे बोललो असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो, पण ते तितकेसे खरे नाही. पाचशे माणसांसमोर, मला याचा हात लागला, असे म्हणायचे माझ्या जिभेवर येईना. हरण्याची लाज होतीच. शिवले गेल्याची त्याहून मोठी होती. मी म्हणालो, "काही लागलं नाही."

झाले. ढाल आमची. केरू तिथेच उभा राहिला. एका बाजूने लोक त्याला लबाड म्हणत होते, आणि दुसऱ्या बाजूने, लबाड नसेल तर याने हात लावलाच कसा म्हणून धावून जात होते. सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गर्दीतून बाहेर काढले. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. त्यात राग असता तर बरे झाले असते. तो बुचकळ्यात पडला होता. त्यालाही ती रीत माहीत होती, आणि त्याने ती खरी मानली होती.

ढाल पुढे धरून आम्ही आत्याच्या घरी आलो. जेवण तिच्याकडेच होते, पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, वांग्याचे भरीत. पुरणाचा वास वळणापासून येत होता. सहा जणांची पाने माजघरात, तिघा मराठ्यांची पडवीत. त्याचे तेव्हा कुणाला काहीच वाटले नाही, पडवीत बसलेल्यांनाही वाटले नसावे, निदान ते तसे दाखवत नसत. आत्या सोवळ्यात दारात उभी होती. एकेकाला विचारत होती, "गोंडाच लागला ना रे? हात नाही ना कुणाचा?" सगळे नाही म्हणून हसत आत जात होते.

माझी पाळी आली. अप्पांसमोर, पाचशे माणसांसमोर खोटे बोलताना माझी जीभ अडखळली नव्हती. आत्याच्या उंबऱ्याशी पाय अडखळला. मी आत गेलो असतो तर तिचे सोवळे मोडले असते, तिला कळलेही नसते, आणि ती ते अन्न जेवली असती. मला ते करवेना. मी मान खाली घालून हळूच म्हणालो, "आत्या, मला हात लागलाय."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "जा, विहिरीवर जा. कपड्यांसकट. मी नवं जानवं काढून ठेवते."

मागल्या अंगणात मी पोहरा ओढला आणि अंगावर ओतला. जानेवारीतले पाणी. दुसरा ओतला, तिसरा ओतला. उजव्या खांद्याखाली हात पोचत नव्हता, म्हणून पोहरा उलटा करून पाठीवर ओतला. लिहितो आहे ते नीट लिहावे म्हणून सांगतो, की त्या वेळी मला बरे वाटले. स्वच्छ वाटले. खोटे बोलल्याचेही धुऊन निघाले असे वाटले. एका माणसाला लबाड ठरवून मी त्याचा स्पर्श धूत होतो, आणि या दोन गोष्टी एका वेळी करता येत नाहीत हे माझ्या ध्यानातही आले नाही.

कोरडे नेसून मी पानावर येऊन बसलो. अप्पाही जेवायला होते, माझ्या समोरच. भिंतीला ढाल टेकवून ठेवलेली. अप्पांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिले. बाकीच्या पाचांचे केस कोरडे, धुळीने भरलेले.

"हे काय रे?" अप्पा म्हणाले. "तूच एकटा न्हालास?"

मी काही बोलायच्या आत आत्या आतून पोळ्यांचे ताट घेऊन आली. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "त्याला हात लागला होता त्या मुलाचा," ती म्हणाली. "बाकी कुणी असतं तर तसंच आत आलं असतं. यानं मला सांगितलंन्, आधी आंघोळ केलीन्. लहानपणापासून असाच आहे हो. माझ्याशी खोटं बोलायचा नाही."

पडवीतला जेवणाचा आवाज थांबला. अप्पांचा हात भातावर होता, तो तसाच राहिला. त्यांनी आत्याकडे पाहिले, मग ढालीकडे, मग माझ्याकडे. ते रागावतील असे वाटले होते. ते एकदम फार थकलेले दिसले. त्यांचीच युक्ती होती ती.

"छावणीची मंडळी अजून निघाली नसतील," ते सावकाश म्हणाले. "टेकडीखाली गाड्या जुंपताहेत. तासाभरानं निघतील. बाळ, जाऊन सांगायचं असेल तर मी येतो तुझ्याबरोबर. ढाल मी उचलतो."

"कुठं जायचंय?" आत्याने विचारले. तिला काहीच कळले नव्हते. "भरल्या पानावरून उठू नये."

पडवीतून बापूचा आवाज आला. दार मध्ये होते, तो दिसत नव्हता. "भिया, चल. मीही येतो. जाऊ दे ती ढाल."

म्हणजे ज्याच्यासाठी मी खोटे बोललो असे मी नंतर सांगणार होतो, त्यानेही मला मोकळे केले होते. उठायला काहीच अडचण नव्हती. टेकडी हाकेच्या अंतरावर. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते, आणि मी पाहत होतो की त्यांच्या डोळ्यांत अजून आशा आहे. मी विचार केला की गेलो तर पुन्हा त्या मुलाजवळ उभे राहावे लागेल, सगळ्यांसमोर, आणि परत येऊन पुन्हा विहिरीवर जावे लागेल. खरोखरच हाच विचार केला. पाणी फार गार होते.

आत्या पोळी हातात धरून माझ्यापुढे वाकली होती. "घालू का रे आणखी एक?"

"घाल," मी म्हणालो. "तूपही वाढ."